रिकामा डबा, रोख पैसे

रिकाम्या वस्तूला भाव नसतो, असं मला लहानपणापासून वाटत आलंय. रिकामी बाटली भंगारवाला जवळजवळ फुकटात नेतो, रिकाम्या सिलिंडरकडे घरात कुणी ढुंकून बघत नाही, आणि रिकाम्या माणसाचं काय होतं ते बघायला आमच्या घरी यावं. कॉम्प्युटरचं कॅबिनेट मात्र या नियमातून सुटलंय. आत मदरबोर्ड नाही, प्रोसेसर नाही, पॉवर सप्लायसुद्धा नाही. तीन बाजूंना पत्रा, एका बाजूला काच आणि मध्ये हवा. या हवेचे दुकानदार दोन हजारांपासून वीस हजारांपर्यंत काहीही सांगतो, आणि आपण वर विचारतो, "पांढऱ्या रंगात आहे का?"

हवेच्या बाबतीत आम्हा डहाणूकरांना खरं तर कुणी शिकवायला नको. रबरी फुग्यांचे कारखाने आमच्याच गावात आहेत. पण फुगा घेणाऱ्या पोरालासुद्धा आपण नक्की काय घेतोय ते माहीत असतं.

माझा फोटो स्टुडिओ तलासरीत, महामार्गाच्या कडेला. राहायला डहाणू. पासपोर्ट फोटो, लॅमिनेशन, बारशापासून लग्नापर्यंतचे अल्बम आणि व्हिडिओ. लग्नसराईत रात्रीचं रेंडरिंग घरी करावं लागतं, म्हणून मशीन स्कूटरवर माझ्या दोन पायांच्या मध्ये बसून चारोटी-महालक्ष्मी मार्गे ये-जा करतं. दिवसा ते कंटेनरची धूळ खातं आणि रात्री समुद्राची खारी हवा पितं. डहाणूला मी जे स्क्रू पिळतो ते पुढच्या पावसाळ्यात निघत नाहीत, आणि तलासरीला जे पिळतो ते मुळात दिसतच नाहीत.

जुनं कॅबिनेट होतं त्याला एका बाजूचा पत्रा नव्हता. म्हणजे होता, कपाटावर. जुन्या बाजारातून तीन पंख्यांचं लांबलचक ग्राफिक्स कार्ड आणलं होतं. ते आत मावेना, तेव्हा पुढचा हार्ड डिस्कचा पिंजरा मी पत्र्याच्या कात्रीने कापला. मग मशीन तापायला लागलं, म्हणून पत्रा काढला. पत्रा काढून भागेना, तेव्हा समोर टेबल फॅन लावला. या व्यवस्थेत एकच त्रास होता: फॅन मशीनकडे वळवला की काउंटरवरचे पासपोर्ट फोटो उडायचे, आणि फोटोंवर वजन ठेवलं की गिऱ्हाइकाला स्वतःचा चेहरा सापडायचा नाही. आत एक पालही राहायची. तिला ऊब मिळायची आणि मला डास कमी व्हायचे.

एक दिवस नवरदेवाचे मामा अल्बम बघायला आले. मशीनकडे बराच वेळ बघून हळू आवाजात म्हणाले, "भाऊ, याला बरं नाही का?"

"का हो?"

"नाय, कपडे काढून पंख्याखाली निजवलाय म्हणून विचारलं."

हेही मी चालवून घेतलं असतं. पण रस्त्यापलीकडे नवा स्टुडिओ निघाला, आणि त्याच्या काउंटरवर काचेचं कॅबिनेट आलं. आत निळे-जांभळे दिवे गोल फिरायचे. लोक फोटो काढायला माझ्याकडे येत आणि उभे राहून त्याच्याकडे बघत. मी नवं कॅबिनेट घ्यायचं ठरवलं ते मशीनची गरज म्हणून, धंद्यातल्या चढाओढीशी त्याचा काही संबंध नाही, हे मी बायकोला आजही सांगतो.

सल्ल्याला भाचा. पालघरला इंजिनियरिंग करतो. त्याला फोन लावला.

"मामा, बजेट किती?"

"अडीच हजार. पण सगळं हाय-एंड पाहिजे."

पलीकडून आवाजच येईना. तलासरीला फोन मध्येच गुजरातचा टॉवर पकडतो, तेव्हा मला वाटलं लाइन गेली. लाइन होती. भाचा हसत होता.

मग त्याने मला शाळेत घातलं. कॅबिनेट म्हणजे फुल टॉवर, मिड टॉवर, मिनी टॉवर. आपल्याला मिड. मदरबोर्डचं एटीएक्स हे माप इंटेलने १९९५ मध्ये ठरवलं, ३०५ बाय २४४ मिलिमीटर, आणि ते अजून तसंच आहे. हे ऐकून मला फार बरं वाटलं. २०१४ मध्ये आमचा जिल्हा बदलला, ठाण्याचे आम्ही पालघरचे झालो, बाकी सगळं इकडचं तिकडे झालं, पण मदरबोर्डच्या स्क्रूची भोकं जागची हलली नाहीत. पुढे तो म्हणाला, "मामा, पुढचा भाग जाळीचा घ्या. तोंडावर काच लावलेलं नको. हवा आत जाणार कुठून?" शिवाय हवा आत घेणारे पंखे जास्त आणि बाहेर टाकणारे कमी ठेवायचे, म्हणजे आतला दाब वाढतो आणि फटींमधून धूळ शिरत नाही. याला पॉझिटिव्ह प्रेशर म्हणतात. माझ्यावर लग्नसराईत असतं ते वेगळं.

मी यादी केली. पुढे जाळी, बाजूला काच, चुंबकाची धूळगाळणी, वरती यूएसबी-सी, पॉवर सप्लायला वेगळं झाकण, वायरी लपवायला मागे जागा, पाण्याचा कूलर बसेल अशी सोय, आणि दिवे. पाण्याचा कूलर माझ्याकडे नाही आणि घ्यायचाही नाही. पण बसत नाही असं कुणी म्हणायला नको.

इथून पुढे 'पाचशेच तर जास्त' नावाचा आजार सुरू होतो. अडीच हजारांच्या कॅबिनेटला सगळं होतं, पण पत्रा अर्धा मिलिमीटरचा. बोटाने दाबला की आत जायचा आणि सोडला की टण्णकन बाहेर यायचा. पाचशेच तर जास्त, तीन हजारांचं बघू. त्याला पत्रा बरा, पण समोर काच. पाचशेच तर जास्त, साडेतीन बघू. त्याला जाळी, पण यूएसबी-सी नाही. चार हजारांच्याला यूएसबी-सी, पण पंखा एकच. साडेचार हजारांच्याला पंखे चार, पण ते काळ्या रंगात संपलेले. अशा पाचशे-पाचशेच्या पायऱ्या चढत मी कोर्सेअर आणि लियान लीच्या मजल्यावर पोचलो. तिथली कॅबिनेटं सुरेख होती आणि 'आता घेऊनच टाकू' हे वाक्य माझ्या ओठांवर होतं. तेवढ्यात बायकोने विचारलं, "अहो, यात कॉम्प्युटर येतो ना?"

सगळ्या पायऱ्या उतरून मी साडेतीन हजारांवर येऊन बसलो.

घरपोच मागवायचंही बघितलं. रिकामं कॅबिनेट वजनाला सहा-सात किलो भरतं, पण कुरिअरवाले खोक्याच्या आकारावर वजन धरतात: लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि ५००० ने भागायचं. खोकं ५० बाय ४५ बाय २७ चं. म्हणजे बारा किलो. वरचे पाच-सहा किलो हवेचे. हवा विकत घ्यायची ती घ्यायची, वर तिचं भाडंही भरायचं, हे मला पटेना.

तेव्हा आधी वापी. तलासरीकरांची ती सवय आहे. अच्छाड ओलांडून गुजरातेत शिरलं की पेट्रोल स्वस्त मिळतं, मग बाकीचंही स्वस्तच असणार असं आम्ही धरून चालतो. पेट्रोल भरायला म्हणून गाडी काढायची आणि येताना गाडीत नको ते भरून आणायचं. दुकानदार गोड बोलणारा होता. "लई जाओ साहेब, फर्स्ट क्लास छे. आठ पंखानो सपोर्ट छे."

"आठ पंखे येतात?"

"सपोर्ट आठनो छे. पंखो एक छे."

"आणि हे रेडिएटर?"

"सपोर्ट छे."

"ग्राफिक्स कार्ड उभं लावायचं?"

"सपोर्ट छे."

त्यासाठी लागणारी केबल वेगळी घ्यायची होती. त्या कॅबिनेटचा माझ्या सगळ्या स्वप्नांना सपोर्ट होता. आमच्याकडे निवडणुकीच्या आधी येणाऱ्या मंडळींचाही असतो.

शेवटी लॅमिंग्टन रोड. पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग लिहिलंय, पण त्या नावाने विचारलं तर कॉम्प्युटरवाले सोडा, टॅक्सीवालाही विचारात पडतो. तिथे एका अरुंद जिन्याच्या दुकानात माझं कॅबिनेट मला भेटलं. जाळी होती, काच होती, यूएसबी-सी होतं, चार पंखे होते, चारींना दिवे होते. साडेतीन हजारांना. कंपनीचं नाव मी कधी ऐकलं नव्हतं. मुंबईत आलंय म्हणजे माल चांगलाच असणार, या विश्वासावर आमच्या जिल्ह्यातले लोक वर्षानुवर्षं फसत आलेत, आणि ती परंपरा मोडणारा मी कोण?

परत येताना दादरला डहाणू लोकल पकडली. २०१३ मध्ये ही लोकल सुरू झाली तेव्हा आम्ही पेढे वाटले होते. एवढं मोठं खोकं घेऊन तिच्यात शिरलो असतो तर विरारपर्यंत ते लोकांच्या डोक्यावरून फिरलं असतं. म्हणून लगेजच्या डब्यात बसलो. तिथे मासे विकून घरी निघालेल्या मावश्या होत्या. एकीने खोक्यावर कोपर टेकलं.

"काय रे यात?"

"कॅबिनेट, मावशी. कॉम्प्युटरचं."

"कॉम्प्युटर हाय आत?"

"नाही. रिकामं आहे."

"कितीला घेतलंस?"

सांगितलं. मावशींनी शेजारणीकडे बघितलं, मग स्वतःच्या पाटीकडे. "माझी पण रिकामीच हाय. घेतोस का? शंभर कमी दे."

सफाळ्यापर्यंत डबा हसत होता. डहाणूला उतरलो तेव्हा खोक्याचा एक कोपरा माशांच्या पाण्याने ओला झाला होता, आणि स्टेशनबाहेरचं मांजर घराच्या वळणापर्यंत सोबतीला आलं.

जोडणीला भाचा आला. कॅबिनेट उघडलं, आत स्क्रूंची पुडी. त्यातले पितळी सहाकोनी खिळे आधी पत्र्यात पिळायचे आणि त्यांच्यावर मदरबोर्ड बसवायचा, नाही तर बोर्ड पत्र्याला टेकून शॉर्ट होतो. भोकं नऊ आणि खिळे आठ. भाचा म्हणाला, स्वस्त मालात असं असतं. मागच्या बाजूला कार्डांसाठी पत्र्याच्या पट्ट्या असतात. महाग कॅबिनेटात त्या स्क्रूने लावतात, काढता येतात, परत लावता येतात. आमच्या पट्ट्या वाकवून तोडायच्या होत्या. पहिली चुकीची तुटली. तिथे आता कायमची खिडकी आहे.

मग कार्ड. खोक्यावर छापलं होतं, ३३० मिलिमीटरपर्यंतचं कार्ड बसेल. माझं ३१०. मी निवांत. पण ३३० हे पुढचे पंखे नसताना. पंख्याची जाडी २५ मिलिमीटर. तीनशे तिसातून पंचवीस गेले, उरले तीनशे पाच. पाच मिलिमीटर! महामार्गाच्या रुंदीकरणात लोकांच्या जमिनीची मापं चुकलेली मी बघितली होती, पण ती निदान सरकारने चुकवली होती. पुढचा एक पंखा काढावा लागला. तो मी जपून ठेवलाय, कपाटावर, जुन्या पत्र्याशेजारी.

पॉवर सप्लायची वेगळीच तऱ्हा. जुन्या कॅबिनेटात तो वरती असायचा, नव्यात तो खाली, झाकणाआड. त्यामुळे प्रोसेसरला जाणारी वायर वरपर्यंत पोचेना. चार बोटं कमी. भाच्याने ती काचेच्या बाजूने, मदरबोर्डवरून तिरपी ओढून बघितली, तरी पोचेना. वायर वाढवायची केबल आणली. यूएसबी-सीची वायर लावायला गेलो तर माझ्या मदरबोर्डवर तिची जागाच नव्हती. ज्या भोकासाठी मी पाचशेची एक अख्खी पायरी चढलो होतो, ते भोक आता नुसतं शोभेला आहे. गिऱ्हाईक आलं की मी सहज त्यावर बोट ठेवतो. "टाइप-सी," म्हणतो. ते मान डोलावतात.

मशीन सुरू झालं. दिवे लागले.

दिवे लागले ते लागलेच. त्यांना ना रिमोट, ना बटण. महाग कॅबिनेटातल्या दिव्यांची वायर तीन पिनांची, पाच व्होल्टची असते, ती मदरबोर्डला जोडली की हवा तो रंग ठरवता येतो. आमच्या पंख्यांची वायर थेट पॉवर सप्लायला. लाल, हिरवा, निळा, जांभळा, परत लाल. जोवर मशीन चालू तोवर आमच्या बेडरूममध्ये वरात. त्याच उजेडात मी एका लग्नाचा अल्बम रात्रभर बसून रंगवला. मॉनिटरच्या कडेला हिरवा उजेड पडत होता, मी चित्रातला हिरवा कमी करत होतो. मग लाल पडायचा, मी लाल कमी करायचो. अल्बम छापून आला. नवरीच्या आईने पहिलं पान उघडलं आणि मिटलं.

"भाऊ, आमच्या पोरीला कावीळ होती का त्या दिवशी?"

"लाइटमुळे वाटतं तसं."

"जावई तर निळा आहे."

अल्बम परत छापला. तो खर्च कॅबिनेटच्या खात्यात धरायचा की लग्नाच्या, हे मी अजून ठरवलेलं नाही.

काचेबद्दल थोडं सांगायला हवं. टेम्पर्ड काच मधोमध बुक्की झेलते, पण तिच्या कडेला फरशीचा टोकदार कण नुसता लागला तरी सबंध काच एका क्षणात खडीसाखरेएवढ्या तुकड्यांत खाली येते. सिरॅमिकची लादी तिची वैरीण. आमच्या घरात सगळीकडे सिरॅमिकची लादी. शिवाय डहाणू-तलासरीत २०१८ च्या नोव्हेंबरपासून जमीन अधूनमधून हलते. धुंदलवाडीकडच्या लोकांनी थंडीच्या कितीतरी रात्री घराबाहेर तंबूत काढल्या, चार रिश्टरच्या वरचे धक्केही बसले. तेव्हापासून आमच्याकडे कुठलीही वस्तू आणली की पहिला प्रश्न, 'हलली तर कुठे पडेल?' आमच्या घरात हा प्रश्न घड्याळाला, फ्रिजवरच्या बरणीला आणि वरच्या फळीवरच्या पितळी डब्यांना विचारून झाला होता. आता कॅबिनेटला. काच कुणाच्या अंगावर येऊ नये म्हणून ती बाजू भिंतीकडे केली. म्हणजे ज्या काचेसाठी एवढा आटापिटा, ती आता भिंतीला दिसते. भिंतीवर मात्र लाल, हिरवा, निळा, जांभळा.

काचेच्या दोन्ही अंगांना पारदर्शक फिल्म होती. भाचा ती सोलायला लागला, तसा घरातून एकच ओरडा झाला. "राहू दे! ओरखडे पडतील." आमच्या फ्रिजच्या दाराची फिल्म अजून आहे, टीव्हीच्या कडेची आहे, मोटारसायकलच्या मीटरवरची तर ऊन लागून पिवळी पडलीय. ती फिल्म निघाली की वस्तू जुनी होते, असा आमच्या घराण्याचा समज आहे.

आईने बघितलं तेव्हा विचारलं, "देव्हारा आणलास?" मी नाही म्हटलं. तिला पटलं नाही. खंडेनवमीला अवजारांची पूजा करतात, त्यात माझा कॅमेरा, फ्लॅश आणि हे कॅबिनेट. हळद-कुंकू जाळीवर, झेंडू यूएसबी-सीच्या भोकात (शेवटी त्याचा काहीतरी उपयोग झाला), आणि अक्षता वरून. वरची धूळगाळणी मी हवा जास्त यावी म्हणून काढून ठेवली होती. अक्षता थेट पंख्यात गेल्या. पंख्याने त्या तितक्याच भक्तिभावाने माझ्या तोंडावर परत टाकल्या.

यानंतर बायकोने धुळीचा बंदोबस्त केला. मिक्सरला कव्हर आहे, रिमोटला कव्हर आहे, मग एवढ्या महागाच्या वस्तूला नको? जुन्या साडीचं, लेस लावलेलं कव्हर शिवलं. पुढची जाळी, वरची जाळी, सगळं झाकलं. दिसायला छान. त्या रात्री व्हिडिओ रेंडरला लावला. प्रोसेसर शंभर अंशांजवळ गेला की जीव वाचवायला आपला वेग आपणच कमी करतो. बारा वाजता स्क्रीनवर आलं, 'चाळीस मिनिटं बाकी.' एक वाजता, 'दोन तास बाकी.' दोन वाजता, 'पाच तास बाकी.' आणि मग वीज गेली. डहाणूच्या औष्णिक केंद्राची क्षमता ५०० मेगावॅट. ती वीज मुंबईच्या उपनगरांसाठी बांधलेली, तिथे कुणाचा तरी व्हिडिओ त्या वेळी नक्कीच पुरा झाला असेल.

सकाळी पाहतो तर कव्हरच्या आत ऊब बघून पाल आली होती. तीच की दुसरी, सांगता येत नाही.

हिशेब मांडला. कॅबिनेट साडेतीन हजार, वाढीव केबल, लोकल, वापीचं पेट्रोल, खाली ठेवायला लाकडी पाट, अल्बमची दुसरी छपाई. बेरीज कोर्सेअरच्या मजल्याच्या वर गेली. भाच्याला दाखवली. तो म्हणाला, "मामा, अजून पाचशे घातले असते ना..."

तुम्ही घेणार असाल तर एवढं करा. तोंड जाळीचं बघा. कार्डाच्या लांबीत पंख्याचे पंचवीस मिलिमीटर दुकानातच धरा, सोबत टेप न्या. 'सपोर्ट' म्हणाले की खोक्यात काय काय येतं ते विचारा. दिवे बंद होतात का ते तिथेच लावून बघा. यूएसबी-सी लागणार असेल तर आधी घरचा मदरबोर्ड उघडून बघा. आणि काचेवरची फिल्म पहिल्याच दिवशी, घरचे झोपलेले असताना, काढून टाका. आमची दिवाळीत काढायची ठरलीय. कुठल्या, ते ठरलेलं नाही.